डी ड्राईव्ह कुठंच गेली नव्हती, 17,028 रुपये मात्र गेले

पहिलंच सांगतो, मी अडाणी नाही. पंधरा वर्षं झाली लातुरात डीटीपी करतोय, ट्युशन एरियातल्या क्लासेसचे नीटचे, सीईटीचे पेपर टाईप करून देतो. गिऱ्हाईकाला 'ओटीपी कुणाला सांगू नका' म्हणणारा माणूस मी. तरी गंडलो, आणि तेही एकदाही ओटीपी न सांगता.

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाला, तरी मी टाळत होतो. शेवटी एका शनिवारी रात्री विंडोज 11 चं अपडेट लावलं आन् झोपलो. सकाळी बघतो तर नुसती सी ड्राईव्ह, डी गायब. डी म्हणजे वेगळी 1 टीबीची हार्ड डिस्क, सगळे प्रश्नसंच त्यात. बॅकअप होता, पण चार महिने जुना, त्याच्यावर कृपा करून बोलू नका, घरात रोज ऐकतोय. त्यात सोमवारी टेस्ट, क्लासवाल्या सरांचे तीन फोन येऊन गेलेले.

घाबरून नेटवर विंडोजच्या हेल्पलाईनचा नंबर शोधला, सगळ्यात वर आला तो लावला. वर जाहिरात असते हे मला माहीत नाही का? माहीत आहे. पण त्या टायमाला डोकं चालत नाही.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. गोड हिंदी, 'सर जी', रिमोटचं ॲप टाका, स्क्रीन द्या. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घडामोडींची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली, 'देखिये सर, हार्ड डिस्क में वायरस घुस गया'. नंतर कळलं, तसल्या लाल खुणा चांगल्या चालत्या मशिनवरबी ढिगानं असतात. रजिस्ट्रेशन 1,999. डेटा रिकव्हरी 8,499. त्याच्यावर 18 टक्के जीएसटी म्हणून 1,530. जीएसटी लावला म्हणून मला उलट तो खरा वाटला, बोला आता.

आन् आता ते, ज्यानं अजून रात्री झोप येत नाही. मधी एकदा त्यानं चुकून की काय, डिस्क मॅनेजमेंट उघडलं, म्हणजे मशीनमधल्या सगळ्या डिस्क दाखवणारी विंडो. खाली माझी डिस्क स्वच्छ दिसायली होती. डिस्क 1, निळी पट्टी, 931 जीबी, आणि त्यात लिहिलेलं 'हेल्दी'. मी माझ्या डोळ्यानं वाचलं! विचारलंसुद्धा, 'अहो हे तर हेल्दी दाखवायलंय'. तर तो म्हणाला, 'सर, वो डुप्लिकेट हेल्दी है', आणि विंडो झटक्यात बंद केली. डुप्लिकेट हेल्दी! आणि मी 'अच्छा अच्छा' म्हणलो. तिथंच वायर उपटायची होती. त्याऐवजी मी 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून आणखी 5,000 पाठवले, स्वतःच्या हातानं पिन टाकून. पैसे परत यायला पिन लागत नसतोय, हे तरी ध्यानात ठेवा.

मग फोन बंद. संध्याकाळी भाचा आला, पॉलिटेक्निकला आहे. स्टार्टवर राईट क्लिक, डिस्क मॅनेजमेंट, निळ्या पट्टीवर राईट क्लिक, 'चेंज ड्राईव्ह लेटर अँड पाथ्स', ॲड, डी, ओके. दोन मिनिटं. अपडेटमध्ये नुसतं अक्षर उडालं होतं, बाकी डेटा जसाच्या तसा. डिस्कपुढं 'ऑफलाईन' दिसलं तर राईट क्लिक करून ऑनलाईन करायची. इनिशियलाईज करू का, फॉरमॅट करू का (म्हणजे डिस्क कोरी करू का) विचारलं तर हो म्हणायचं नाही, मेलात तरी. तिथं आणि बायोसमध्येबी (विंडोजच्या आधी उघडणारं मशीनचं सेटिंग) डिस्क दिसली नाही तर मशीन बंद करून केबल बघायची. हे मला तो बिनपैशाचं सांगायला होता आणि मी मान खाली घालून चहा पीत होतो.

लाजेपायी दोन दिवस कुणाला बोललो नाही, ही दुसरी चूक. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन त्याच तासात करायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत समोरच्या खात्यात अडकवता येतात. मी केला तोवर खातं रिकामं. तक्रार नंबर मिळाला, झालं. बँकेत गेलो तर साहेब म्हणे पिन तुम्ही टाकला, आमचा संबंध नाही. ऑनलाईन फसवणुकीत गिऱ्हाईकानं किती सोसायचं याचं रिझर्व्ह बँकेचं 2017 चं सर्क्युलर दाखवलं तर म्हणे ते तुमच्या निष्काळजीपणाला लागू नाही, पोलिसांकडून लिहून आणा. ठाण्यात गेलो, साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी गेलो, बँकेचं लेखी आणा. बँकेत, ठाण्याचं आणा. चार चकरा, स्टेटमेंटच्या झेरॉक्स, दुकान बंद ते वेगळंच, आन् शेवटी हवालदार हसून म्हणतो, 'शिकलेले दिसता की तुम्ही'. चोरानं लुटलं तेव्हा एवढं लागलं नव्हतं.

नंबर कंपनीच्या स्वतःच्या साईटवरूनच घ्या. ओळखीचा पोरगा येईपर्यंत मशीन बंद ठेवा. रिमोटचं ॲप टाकलेलं असेल तर आधी इंटरनेट काढा, मग ते ॲप, मग दुसऱ्या मोबाईलवरून सगळे पासवर्ड बदला.

सायबर तक्रारीच्या पोर्टलवर अजून 'प्रक्रियेत' दाखवतंय. काल मात्र एका नव्या नंबरवरून फोन आला, या वेळी चक्क मराठीत. 'सर, तुमचे 17,028 रुपये परत मिळवून देतो, फक्त 999 भरा.' आकडा रुपयासकट बरोबर होता.