पीएच पेन आणि ईसी मीटर : द्राक्षबागेतला अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये एक पीएच पेन आणि एक ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेले क्षार सांगणारा) घेतला, दोन्ही मिळून तीन हजारांच्या आत. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर बाग आहे, डॉगरिज खुंटावर सोनाका जातीची द्राक्षं. पाणी दोन जागचं, बोअरचं आणि शेततळ्याचं. तोवर फवारणीच्या पाण्यात सायट्रिक अॅसिड किती टाकायचं हे दुकानदार सांगेल तसं, आणि ड्रिपचं पाणी जिभेला लावून खारट लागतंय का बघायचं, एवढीच आमची तपासणी होती. एक पूर्ण हंगाम वापरल्यावर हे लिहितेय, कारण घेताना मला जे कुणी सांगितलं नाही ते पुढच्याला आधीच कळावं.

घेतल्या आठवड्यातच बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणाची फवारणी होती. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्याला किलोभर मोरचूद आणि किलोभर चुना. पण चुना किती जुना, किती कसदार, यावर सगळं अवलंबून. चुना कमी पडला तर मोकळं तांबं पान भाजतं. सासरे, मी त्यांना मामा म्हणते, आजही विळा बुडवून बघतात. घासून चकचकीत केलेलं पातं मिश्रणात मिनिटभर धरायचं. वर काढल्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी. त्या दिवशी पातं जवळजवळ स्वच्छ निघालं, फक्त धारेला अगदी पुसट तांबूस झाक होती. पेन ६.४ दाखवत होता. मामांनी विळा उन्हाकडे धरून पुन्हा पाहिला, म्हणाले, "टाक अजून दोन मुठी." पेन ७.३ वर गेला तेव्हा पातं कोरं निघालं. विळ्यालाही तेच दिसत होतं, पेनाने ते आकड्यात सांगितलं. मात्र बोर्डोत पेन घालायचा तर चटकन काढून धुवायचा. चुना काचेच्या फुग्यावर बसतो आणि बाजूचं बारीक छिद्र बुजवतो. बुजलंच तर पातळ व्हिनेगरमध्ये पंधरा मिनिटं ठेवलं की सुटतं.

पेनाचा खरा उपयोग कळला ऑक्टोबर छाटणीनंतर. घड पोपटी रंगावर आले की जीएची (जिबरेलिक अॅसिड या संजीवकाची) पहिली फवारणी, १० पीपीएम. जीएच्या पाण्याचा पीएच सहाच्या आसपास हवा. आमच्या बोअरचा ८.१ आणि शेततळ्याचा ८.६. मी धरून चालले होते की शेततळ्याच्या पाण्याला अॅसिड जास्त लागणार. दोन बादल्या घेतल्या, दोन्हीत दहा-दहा लिटर. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा, त्यावर अर्धा-अर्धा ग्रॅम सायट्रिक तोलून टाकत गेले, ढवळत गेले. बोअरच्या बादलीला सहावर यायला ३ ग्रॅम लागलं. शेततळ्याच्या बादलीला दीड ग्रॅमसुद्धा लागलं नाही.

मी दोनदा करून पाहिलं, तेच आलं. मग कारण समजून घेतलं. अॅसिड खातं ते पाण्यातलं बायकार्बोनेट, आणि ते बोअरच्या पाण्यात भरपूर. शेततळ्यात शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून पीएच वर चढतो, पण त्यामागे जोर नसतो. म्हणजे पीएचचा आकडा पाहून अॅसिडचं माप ठरवता येत नाही. बादली करावीच लागते. ६०० लिटरच्या ब्लोअरला (फवारणी यंत्राच्या टाकीला) आमच्या बोअरच्या पाण्यात १८० ग्रॅम, शेततळ्याच्या पाण्यात त्याच्या निम्म्याहून कमी. आणखी एक, अॅसिड टाकलेल्या बोअरच्या पाण्यातून गॅस निघून जात राहतो, त्यामुळे सकाळी ६ केलेलं पाणी दुपारी साडेसहाच्या वर गेलेलं मी पाहिलंय. टाकी भरली की लगेच फवारा.

आता चूक सांगते, आणि ही वाचूनच पेन घ्या. पेन धुऊन मी तो आरओच्या पाण्यात बुडवून ठेवायचे. शुद्ध पाणी म्हणजे चांगलं, असंच वाटलं. प्रत्यक्षात शुद्ध पाणी इलेक्ट्रोडच्या, म्हणजे पेनाच्या काचेच्या टोकाच्या, आतलं मीठ हळूहळू ओढून घेतं. दुसरी चूक म्हणजे कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणात पेन जुळवणं) मी फक्त ६.८६ च्या द्रावणात करायचे, कारण पाकिटातली पावडर २५० मिलि पाण्यात विरघळवायचा कंटाळा. दुसऱ्या जीएच्या दिवशी १८० ग्रॅम टाकलं, पेन साडेसहाच्याही वर. अजून टाकलं. ४०० ग्रॅम गेल्यावर कुठे ५.९ दिसलं. हात थांबला. पाणी तेच, बोअर तीच, मग अॅसिड दुपटीने कसं? घरात पीएचच्या कागदी पट्ट्या होत्या. पट्टी पाचच्याही खाली दाखवत होती. मग पेन ४.०० च्या द्रावणात धरला, तर आकडा ५.६.

पेन मधोमध बरोबर होता आणि टोकाला आंधळा झाला होता. काचेच्या चांगल्या इलेक्ट्रोडमध्ये दर एका पीएचमागे २५ अंशांना ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा, माझ्या पेनात तो निम्म्यावर आला होता. एकाच द्रावणात जुळवलं तर हे कधीच उघडं पडत नाही. जीए अजून टाकीत घातलं नव्हतं म्हणून निभावलं. ते पाणी बांधावरच्या नारळांना थोडंथोडं सोडलं.

उपाय सोपा आहे. सांगलीच्या लॅब साहित्याच्या दुकानातून शुद्ध पोटॅशियम क्लोराइड आणलं, १०० मिलि पाण्यात २२ ग्रॅम. रात्रभर त्यात ठेवल्यावर ४.०० च्या द्रावणात ४.२ दाखवायला लागला. तेव्हापासून टोपणात त्याच द्रावणाचे चार थेंब असतात आणि फवारणीच्या दिवशी सकाळी मोटरच्या खोलीत आधी दोन्ही द्रावणं, मग पाणी. औषधाच्या बाटल्यांची दोन टोपणं, त्यात द्रावण, पाच मिनिटांचं काम. वापरलेलं द्रावण परत बाटलीत ओतू नका. आणि ६.८६ ला जुळणाऱ्या पेनासाठी ७.०० ची गोळी आणू नका. मी एकदा आणली, सगळे आकडे ०.१४ ने खाली गेले.

बेदाण्याच्या वेळी पेन पुन्हा कामाला आला. डिपिंगचं, म्हणजे सुकवण्याआधी द्राक्षं बुडवायचं, द्रावण लिटरला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिलि इथाइल ओलिएट. नवं द्रावण ११ च्या वर असतं, क्रेटमागून क्रेट बुडत गेले की फुटक्या मण्यांच्या आंबट रसाने ते उतरतं. पूर्वी द्रावण "मेलं" हे हाताच्या बुळबुळीतपणावरून ठरायचं. यंदा आकडा पाहून कार्बोनेट वाढवत गेलो. मात्र इतक्या वर मोजायचं तर ९.१८ चं तिसरं द्रावण लागतंच.

ईसी मीटरबद्दल थोडक्यात, कारण तो फारसा त्रास देत नाही. दोन धातूंची टोकं, धुऊन पुसून ठेवली की झालं. बोअरची ईसी फेब्रुवारीत १.१ (मिलिसिमेन्स प्रति सेंमी) होती, मे महिन्यात १.९ झाली. तेव्हापासून बोअरचं आणि शेततळ्याचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून सोडलं. शेजारच्या भाऊंच्या टीडीएस मीटरवर आमचंच पाणी ७०० पीपीएम आणि माझ्या ईसी मीटरवर ५००, यावरून बराच वेळ वाद झाला. दोघेही बरोबर होते. पीपीएम हा आकडा मीटर मोजतच नाही, तो काढायला ईसीला कुणी ५०० ने गुणतं, कुणी ७०० ने. म्हणून नेहमी ईसीच्या भाषेत बोला.

पण हा मीटर काय बघत नाही तेही जाणून घ्या. ड्रिपच्या टाकीत ०:५२:३४ खत टाकलं की ईसी उसळते. युरिया कितीही टाका, काटा हलत नाही, कारण युरिया विरघळून वीज वाहून नेणारे कण देत नाही. भाऊंच्या पोराला हे खोटं वाटलं, त्याने आमच्यासमोर तांब्यात मूठभर युरिया ढवळून पाहिला.

हे पाहिल्यापासून मला इलेक्ट्रॉनिक जिभेचं फार कौतुक वाटतं. जपानच्या क्युशू विद्यापीठात कियोशी तोको यांनी वेगवेगळ्या मेदाच्या पडद्यांचे सेन्सर एकत्र केले. एकेक सेन्सर अर्धवटच ओळखतो, पण सगळ्यांचे आकडे मिळून पाण्याची चव ठरते. कोलकात्यात सी-डॅकने चहाच्या चवीसाठी असंच यंत्र केलं आहे. आणि पीएच मीटरची गोष्टही फळांच्याच रसाची. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियात अर्नोल्ड बेकमन यांनी तो बांधला तो लिंबाच्या रसाचा आंबटपणा मोजायला, कारण रसातल्या सल्फर डायऑक्साइडमुळे लिटमसचा रंगच उडून जायचा. मण्यांच्या रसात पेन बुडवताना मला ते नेहमी आठवतं.

माझा पेन जूनमध्ये संपला. आकडा स्थिर व्हायला दोन-दोन मिनिटं लागायची, मिठाच्या द्रावणानेही फरक पडेना. काचेचा इलेक्ट्रोड वापरा न वापरा, म्हातारा होतोच. विक्रेत्याला फोन केला तर त्या पेनाचं टोक बदलून मिळत नाही, अख्खा पेनच नवा घ्या, असं उत्तर मिळालं. हे घेतानाच सांगायला हवं होतं. म्हणून आता दुप्पट किमतीचा, इलेक्ट्रोड बदलता येणारा घेतलाय. बोअरच्या पाण्यावर बाग असेल तर मी तोच घ्या म्हणेन. फक्त शेततळ्याचं किंवा कॅनॉलचं पाणी असेल तर पट्ट्या आणि एक ईसी मीटर पुरे.

नवा पेन काल आला. ४.०० मध्ये ४.०१, ९.१८ मध्ये ९.१७. मामांनी चष्मा लावून दोन्ही आकडे पाहिले आणि वहीत तारखेसकट लिहून घ्यायला सांगितलं. परवा बोर्डो आहे, विळा त्यांनी आजच घासून ठेवलाय.