श्रीलंकेच्या सहलीत गोल्फचा एकच राउंड: कोलंबो, दिगना की नुवारा एलिया?

पुण्यात येरवड्याच्या गोल्फ मैदानावर सकाळी भेटणाऱ्या मंडळींपैकी कुणी ना कुणी दर हिवाळ्यात मला हा प्रश्न विचारतं. घरच्यांबरोबर श्रीलंकेला निघालोय, सात-आठ दिवस आहेत. बायको-मुलांना गोल्फमध्ये रस नाही, पण एक सकाळ मला मिळणार आहे. ती कुठे घालवू?

मी आधी उलट प्रश्न विचारतो: त्या दिवशी घरचे कुठे असतील? बाहेरच्या देशात एका राउंडची, म्हणजे अठरा होलच्या एका खेळाची, खरी किंमत ग्रीन फीच्या (मैदानावर खेळायच्या शुल्काच्या) पावतीवर कळत नाही. मैदानापर्यंत जाण्या-येण्यात तीन तास गेले, घरचे तोवर हॉटेलच्या खोलीत बसून राहिले आणि दुपारचं ठरलेलं काही बघायचं राहिलं, तर स्वस्तातला राउंडही महाग पडतो. याउलट, मैदान मुक्कामापासून तासाभरात असेल, तुम्ही साडेसहाला टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभे राहिलात आणि जेवायच्या वेळेला परत घरच्यांत असलात, तर चार पैसे जास्त गेले तरी कुणाची तक्रार नसते. तुलना वाचताना हे माप हाताशी ठेवा.

पर्यटकाच्या नेहमीच्या वाटेवर अठरा होलची (चेंडू खड्ड्यात घालायच्या अठरा टप्प्यांची) चार मैदानं येतात. कोलंबो शहरातलं रॉयल कोलंबो गोल्फ क्लब, कँडीजवळ दिगनाला असलेलं व्हिक्टोरिया, चहाच्या डोंगरातलं नुवारा एलिया आणि दक्षिण किनाऱ्यावर हंबनटोटाला शांग्रिला हॉटेलचं मैदान. चौथ्याचं लगेच सांगून टाकतो. समुद्र, नारळ आणि वारा असं ते सुंदर रिसॉर्ट मैदान आहे, पण त्याचा फायदा तिथेच मुक्काम करणाऱ्याला. चौघांत खर्चही तिथेच जास्त. ‘याला’ नावाचं अभयारण्य बघायला त्या बाजूला जाणार असाल आणि त्याच हॉटेलात उतरणार असाल तर जरूर खेळा. नाहीतर निवड उरलेल्या तिघांतच करायची आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते लक्षात राहील. एकच राउंड आणि कुठेही खेळायची मोकळीक असेल, तर दिगना.

व्हिक्टोरिया, दिगना

कँडीहून पूर्वेला वीसेक किलोमीटर, गाडीने पाऊण ते एक तास. महावेली ही श्रीलंकेतली सगळ्यात लांब नदी. तिच्यावरचं व्हिक्टोरिया धरण १९८५ साली सुरू झालं, उंची १२२ मीटर. मैदान धरणाच्या भिंतीशी नाही, तिच्या मागे पसरलेल्या जलाशयाच्या काठावर आहे. आखणी डोनाल्ड स्टील या इंग्लिश वास्तुकाराची. १९९९ साली खुलं झालं. पार (चांगल्या खेळाडूला लागावेत असे फटके) ७३, आणि सगळ्यात मागच्या टीवरून लांबी ६८०० यार्डांच्या आसपास.

आकडे एवढे पुरेत, कारण तिथे पोचल्यावर ते आठवत नाहीत. एका अंगाला पाणी, पाण्यापलीकडे नकल्स पर्वताची निळसर रांग, आणि फेअरवेवर (टीपासून खड्ड्याकडे जाणाऱ्या आखूड गवताच्या पट्ट्यावर) जुन्या बागेतली नारळाची झाडं. आखणी करताना ती बरीचशी राखली, त्यामुळे मैदान कोरून काढल्यासारखं न वाटता जमिनीतूनच उगवल्यासारखं वाटतं. मोठमोठे खडकही होते तिथेच आहेत. सकाळी सातच्या सुमाराला डोंगरांवरचं धुकं उचलायला लागतं आणि पाण्याचा रंग दर होलला बदललेला दिसतो. पुण्या-मुंबईत आपण भिंतींच्या आत, इमारतींच्या सावलीत खेळतो. इथे पहिल्या टीवर नजर जिथवर पोचते, तिथवर एकही इमारत आड येत नाही. माझ्या दृष्टीने विमानाच्या तिकिटाचे पैसे तिथेच वसूल होतात.

या जलाशयाखाली जुनं तेलदेनिया गाव आहे. धरण भरलं तेव्हा ते पाण्यात गेलं आणि माणसं वर नव्या गावात आली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या गावाचे, देवळाचे अवशेष वर येतात. उजनीचं पाणी आटल्यावर पळसदेवचं मंदिर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काठावर चेंडू मारताना मला त्या गावाची आठवण होतेच, आणि खेळणाऱ्या प्रत्येकाला ती व्हावी असं वाटतं.

खेळ म्हणाल तर मैदान मध्यम खेळाडूला सांभाळून घेतं. फेअरवे बऱ्यापैकी रुंद आहेत, पण चढउतार खूप. चेंडू सपाट जमिनीवर क्वचितच मिळतो. पाय एका उंचीवर, चेंडू दुसऱ्या, ही अवस्था वारंवार येते. वीसच्या पुढे हँडिकॅप (पारपेक्षा साधारण जास्त लागणारे फटके) असेल तर मागच्या टीचा हट्ट सोडा. पुढून खेळलात तर देखावाही डोळाभर बघता येईल. उन्हं दहाच्या पुढे चांगलीच तापतात, म्हणून चालत खेळायचं असेल तर सकाळची पहिलीच वेळ मागा.

घरच्यांसाठी इथे राहायची सोय, पोहण्याचा तलाव आणि घोडेस्वारी आहे. म्हणजे सगळे बरोबर आले तरी कुणाचा वेळ फुकट जात नाही. नाहीतर तुम्ही खेळेपर्यंत ते कँडीत दळदा माळिगावा (बुद्धाच्या दाताचं मंदिर) किंवा पेरादेनियाची बाग बघतील आणि दुपारी तुम्ही त्यांना गाठाल.

नुवारा एलिया

हे अगदी दुसऱ्या टोकाचं. उंची १८६८ मीटर, हवा महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी, आणि मैदान शहराच्या मधोमध. १८८९ सालचा क्लब. चहाच्या मळ्यांवर आलेल्या ब्रिटिशांनी आपलं गाव इथे उभं करायचा प्रयत्न केला होता, त्याची खूण दगडी बंगल्यांइतकीच या मैदानावरही दिसते. लांबी जेमतेम ५५०० यार्डांच्या घरात. आकडा ऐकून सोपं वाटेल, तिथेच फसगत होते. दोन्ही बाजूंना सायप्रस, पाइन आणि निलगिरीची उंच, दाट झाडी आहे आणि मधला फेअरवे अरुंद. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, बॅगेतच ठेवा. पाच नंबरच्या आयर्नने किंवा हायब्रिडने (त्याहून कमी लांब मारणाऱ्या काठ्यांनी) सरळ मारणारा इथे लांब मारणाऱ्याच्या पुढे जातो. चेंडू किमान डझनभर न्या.

उंचीमुळे आणखी एक गोष्ट होते. हवा विरळ, म्हणून चेंडू लांब जातो. १५० यार्डांच्या फटक्याला सुमारे दहा यार्डांची भर पडते. पण सकाळच्या गारठ्यात चेंडू थंड असतो, अंगही मोकळं झालेलं नसतं, आणि तो फायदा अर्धाअधिक तिथेच संपतो. पहिले पाच-सहा होल नेहमीच्या हिशोबाने खेळा, ऊन आलं की एक पायरी कमी लांब मारणारी काठी घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे कधी कधी दंव गोठतं, तेव्हा स्वेटर हवाच.

तिघांत हे सहसा सगळ्यात स्वस्त, आणि जुन्या वातावरणाची आवड असणाऱ्याला सगळ्यात प्रिय होईल असं. देखावा मात्र दिगनासारखा उघडा नाही. इथे झाडांच्या बोळातून चालल्यासारखं वाटतं, डोंगर मधूनच डोकावतात. काहींना हेच जास्त भावतं, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

सोयीच्या बाबतीत नुवारा एलियाची बाजू भक्कम आहे, कारण मराठी कुटुंबं तशीही तिथे मुक्काम करतात. सीता एलियाचं सीता अम्मन मंदिर पाचेक किलोमीटरवर आहे, पुढे हकगलाची बाग, आणि गावातच ग्रेगरी तलाव. मुक्काम गावात असेल तर मैदानापर्यंत चालत जाल. मात्र केवळ गोल्फसाठी कँडीहून तिथे जाऊन त्याच दिवशी परत येऊ नका. घाटाचा रस्ता अडीच-तीन तासांचा आहे आणि वळणांनी अंग आंबून जातं. रेल्वेने गेलात तर नानू ओया स्टेशनला उतरायचं. प्रवास देखणा, पण डोंगरातला मार्ग पावसात दरडींमुळे बंद पडतो. निघण्याआधी चौकशी करा.

रॉयल कोलंबो

१८७९ साली स्थापन झालेला हा देशातला सगळ्यात जुना गोल्फ क्लब. सुरुवातीला खेळ गॉल फेस ग्रीनवर चाले. आज जिथे कोलंबोकर संध्याकाळी पतंग उडवतात आणि इस्सो (कोळंबीचे) वडे खातात, तीच ही समुद्राकाठची हिरवळ. १८९६ साली क्लब बोरेल्लाजवळच्या आजच्या जागेत आला.

मैदान सपाट, नीट राखलेलं आणि पाण्याचे अडथळे भरपूर. डोळ्यांचं पारणं फिटावं असा देखावा नाही, पण एक गोष्ट दुसरीकडे बघायला मिळणं कठीण: केलानी व्हॅली रेल्वेचा मार्ग थेट मैदानातून जातो. गाडी आली की खेळ थांबतो, डब्यातले प्रवासी खिडकीतून बघतात, गाडी गेली की पुन्हा फटका. दहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर त्याला अठरा होलपेक्षा तेवढंच आठवेल.

दमटपणा मुंबईच्या मे महिन्याला तोडीस तोड. माझ्या मते हे मैदान सहलीच्या शेवटच्या दिवसासाठी आहे. विमान रात्रीचं, खोली दुपारी सोडायची, घरच्यांना खरेदी करायची, अशा वेळी सकाळचा राउंड चपखल बसतो. मधला वार निवडा, शनिवार-रविवारी सभासदांची गर्दी असते. फक्त यासाठी कोलंबोतला मुक्काम वाढवायची गरज नाही.

कधी जाताय, त्यावर बरंच ठरतं

इथे आपल्याकडची शाळेची सुट्टी आणि तिथला पाऊस यांचं जमत नाही. मेअखेरीपासून नैऋत्य मोसमी पाऊस कोलंबो आणि डोंगरांचा पश्चिम उतार झोडपतो, जून-जुलैत नुवारा एलियाला पाऊस, धुकं आणि वारा तिन्ही असतात. दिगना मात्र डोंगरांच्या आड, तुलनेने कोरडं. म्हणून जून ते ऑगस्टमध्ये जाणाऱ्याला मी डोळे मिटून दिगना सांगतो. कँडीची एसला पेराहेरा मिरवणूक जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि त्या दिवसांत हॉटेलांचे दर खूप चढतात, एवढं तारखा बघून टाळा.

दिवाळीच्या सुट्टीत दुपारी गडगडाटी पाऊस जवळपास सगळीकडे असतो. सकाळी लवकर खेळलात तर निभावतं. डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस दिगनाच्या बाजूला येतो, तेव्हा पारडं कोलंबोकडे झुकतं. फेब्रुवारी आणि मार्च तिन्ही मैदानांना चांगले, रजा मिळत असेल तर हेच दिवस धरा.

एप्रिलबद्दल खास सांगायला हवं. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं आणि त्या आगेमागे कोलंबोतली माणसं थंडाव्यासाठी नुवारा एलियाला लोटतात. हवा छान, पण खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर दुपटीने. स्वस्तातला राउंड हवा म्हणून नुवारा एलिया निवडलं असेल, तर त्या पंधरवड्यात तो हेतूच राहत नाही.

पैशांचा हिशोब कसा मांडायचा

क्लबला ईमेल करताना नुसती ग्रीन फी विचारू नका. पाहुण्याचा दर डॉलरमध्ये की श्रीलंकन रुपयांत, त्यात कर धरलाय का, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) सक्तीचा आहे का आणि त्याचे पैसे वेगळे का, सेट (गोल्फच्या काठ्या) आणि बूट भाड्याने मिळतात का, हँडिकॅपचं प्रमाणपत्र लागतं का, हे सगळं एकाच पत्रात विचारा. चलनाचा अंदाज हवा तर अलीकडे एका भारतीय रुपयाला साधारण साडेतीन श्रीलंकन रुपये मिळत आले आहेत. पावतीवर हजारांचे आकडे दिसले म्हणून दचकू नका.

एका राउंडसाठी स्वतःचा सेट नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बॅग बारा-पंधरा किलोंची होते, विमानात वजन खाते आणि मग आठवडाभर टॅक्सीच्या डिकीत घरच्यांच्या सामानाशी भांडते. बूट, हातमोजा, चेंडू आणि आपला पटर (खड्ड्याभोवतीच्या ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलायची काठी) एवढं न्या. पटर का, तर मी एकदा परदेशात भाड्याच्या सेटमधल्या अनोळखी पटरने अठरा ग्रीन खेळलो आणि चांगल्या फटक्यांचं मातेरं झालं. कॉलरचा शर्ट हवाच, जीन्स चालत नाही. आणि पोया, म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी देशभर मद्यविक्री बंद असते. राउंडनंतर क्लबहाऊसमध्ये बसायचा बेत असेल तर पंचांग बघून वेळ घ्या.

कॅडी मिळाला तर त्याचं ऐका, विशेषतः ग्रीनवर. भाषेची अडचण वाटते तेवढी नाही. ‘वमट’ म्हणाला की डावीकडे, ‘दकुणट’ म्हणाला की उजवीकडे. वाम आणि दक्षिण आपल्याला ठाऊकच आहेत, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या होलपासून ते आपोआप कळायला लागतं. ग्रीनवरचा फटका, म्हणजे पट, नीट गेला की तो ‘हरी हरी’ म्हणेल. त्याचा अर्थ बरोबर, ठीक.