मुरबाडचे एक शेतघर : जावे ते दसऱ्यानंतर

पावसाळा लागला की ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीची वाहने धबधब्यांच्या ओढीने माळशेज घाटाकडे धावतात आणि वाटेतला मुरबाड तालुका भिजलेल्या काचेबाहेर मागे पडत जातो. या तालुक्यातले खरे पाहण्याजोगे दिवस मात्र दसऱ्यानंतर, घाटातली गर्दी ओसरल्यावर सुरू होतात. टोकावड्याच्या अलीकडे एका शेतकरी कुटुंबाने आपल्या राहत्या घराचा काही भाग पाहुण्यांसाठी खुला केला आहे. नाव न छापण्याची त्यांची विनंती आहे, कारण एका वेळी दोन-तीन कुटुंबांपेक्षा अधिक माणसे तेथे मावत नाहीत. आश्विन-कार्तिकात तेथे राहून आल्यावर झालेले मत पुढे मांडत आहे.

ठाण्याहून जाणे अवघड नाही, पण शहाडच्या उड्डाणपुलावर किती वेळ जाईल हे कोणीच सांगू शकत नाही. रायता येथे उल्हास नदी ओलांडली की रस्ता मोकळा होतो. वाहन नसेल तर कल्याणपर्यंत लोकल, पुढे एसटी आणि शेवटी रिक्षा असा प्रवास पडतो. मुरबाडला अजून रेल्वे नाही.

घराभोवती कुटुंबाची भातशेती आहे आणि या मुक्कामाचा निम्मा आनंद तिच्यातच आहे. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, गरवे भात दिवाळी उलटेपर्यंत शेतात उभे असते. त्यामुळे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात एकाच बांधावरून एकीकडे कापून उन्हात पसरलेली भाताची कडपे, पलीकडे खळ्यावर चाललेली झोडणी आणि दुसरीकडे अद्याप पुरत्या न पिकलेल्या लोंब्या, असे हंगामाचे तिन्ही टप्पे एकत्र पाहायला मिळतात. बांधाबांधावर कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे आलेले असतात. हे दृश्य निवांत वाटले तरी घरातील माणसे निवांत नसतात, हे पाहुण्याने ध्यानात ठेवावे. मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारण 8 ऑक्टोबरच्या आसपास परततो असे हवामान खात्याचे सरासरी गणित आहे, पण परतीच्या सरी गणित पाळत नाहीत आणि कापलेले भात भिजले तर दाण्यांना कोंब फुटतात. दुपारी पूर्वेला ढग जमले की गप्पा मारता मारता घरमालक काका उठून निघून जातात, आणि त्यांनी जावेच. पाहुणचार थोडा खंडित झाला म्हणून मी गुण कापणार नाही.

दुपारचे ऊन मात्र कडक असते. ज्यांना ऑक्टोबरचा उकाडा सोसत नाही त्यांनी सकाळी आणि संध्याकाळीच शेतात हिंडावे; अंधार पडला की सह्याद्रीच्या पायथ्याची हवा झपाट्याने निवते, पहाटे दव पडते आणि घोडबंदर रस्त्यावरच्या इमारतींतून कधीही न दिसणारा कृत्तिकांचा पुंजका रात्री जेवण उरकेपर्यंत पूर्वेला वर आलेला असतो.

खरा ऐवज घराच्या आत आहे. माजघरात शेणाने सारवलेली कणगी उभी आहे आणि तिच्यात खरोखरच भात आहे. तिच्या शेजारी पायली, अधोली, शेर, मापटे आणि चिपटे ही मापे उपडी घालून ठेवलेली दिसतात; चार शेरांची पायली आणि दोन शेरांची अधोली हा हिशेब घरातील शाळकरी मुलीलाही तोंडपाठ आहे. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि साठच्या दशकात बाजारातून शेर हद्दपार झाला, तरी कापणीच्या मजुरीचा काही भाग धान्याने देण्याची रीत या घराने सोडली नाही आणि म्हणून पायलीही टिकली. इथल्या बहुतेक जुन्या वस्तूंचे असेच आहे. त्या हौसेने जपलेल्या नाहीत. त्यांचे काम संपलेले नाही, एवढेच. जात्यावर नाचणी दळली जाते. घडवंचीवर पाण्याची घागर असते. न्हाणीघराबाहेरचा तांब्याचा बंब पहाटे पेटतो, आणि वरून गार पाणी ओतल्याखेरीज त्याच्या तोटीतून गरम पाणी येत नाही ही गोष्ट शहरातील मुलांना जादूसारखी वाटते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठी हाच बंब चिंचेने घासून लख्ख केला जातो.

पितळी भांड्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. स्वयंपाकाच्या पातेल्यांना दिवाळीपूर्वी कल्हई केली जाते. भांडे तापवून त्यात नवसागर टाकायचा आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवायचे, ही क्रिया आता पाहायला मिळणे दुर्मीळ झाले आहे. कल्हईवाले गावात फिरकत नाहीत, म्हणून काकू भांडी कल्याणला पाठवतात. कल्हई उडालेल्या पितळेत आमटी-ताक ठेवले तर ते कळकते, आणि ज्यांनी हौसेने जुनी पातेली विकत घेऊन थेट चुलीवर चढवली आहेत त्यांनी हे अवश्य लक्षात घ्यावे. सर्वांत वाचनीय म्हणजे भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी टोचून घातलेली नावे. लग्नात कोणी हंडा दिला, कोणी परात दिली, माहेर कोणत्या गावचे, तिथी कोणती, हे सगळे काठावर लिहिलेले आहे. फडताळातील तांबे एकापाठोपाठ एक हाती घेतले की या घराची सोयरीक मुरबाडपासून शहापूरपर्यंत कशी पसरली ते कळते, आणि प्रत्येक नावामागची गोष्ट सांगण्याचा आजींचा उत्साह संपत नाही. फिरकीच्या तांब्याचे झाकण उजवीकडे फिरवायचे की डावीकडे यावर त्यांनी माझी परीक्षाही घेतली.

एवढे सगळे असताना अंगणापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ‘जुन्या वस्तूंचे दालन’ कशासाठी उभारले, हे मला कळले नाही. तेथे कंदील तारेला टांगले आहेत, बैलगाडीचे चाक भिंतीला टेकवून रंगवले आहे, आणि त्यांच्या जोडीला एक टंकलेखन यंत्र व ग्रामोफोनचा कर्णा मांडला आहे. या दोन्हींचा मुरबाडच्या शेतकरी घराशी काडीचाही संबंध नाही. ठाण्यातील एखाद्या उपाहारगृहाची सजावट येथे येऊन बसल्यासारखे वाटते. फेटा बांधून, हाती विळा घेऊन छायाचित्र काढण्याचे आणि दोन पेंढ्या झोडून पाहण्याचे वेगळे 300 रुपयेही असेच अनाठायी आहेत. खळ्यावर खरी झोडणी चालू असताना नाटकी झोडणी कोणाला हवी?

जेवणाबद्दल तक्रारीला जागा नाही. सकाळी नव्या तांदळाची पेज आणि सुकटीची चटणी, दुपारी तांदळाची भाकरी, चवळीच्या शेंगांची भाजी, लाल भोपळ्याचे घारगे, आणि दिवाळीच्या आसपास गेल्यास उकडलेले करांदे मिळतात. जून काकडी किसून, गूळ आणि तांदळाच्या पिठात कालवून पानावर उकडलेले पानगे आवर्जून मागावेत. ते न मागता वाढले जातीलच असे नाही, कारण शहरी पाहुण्यांना आवडणार नाहीत अशी काकूंची समजूत आहे. नव्या तांदळाचा भात थोडा गिच्च होतो. तो दोष सुगरणीचा नव्हे, ताज्या दाण्याचा गुण आहे. मोकळ्या भाताचा आग्रह असेल तर जुन्या तांदळाचा भात वेगळा करून मिळतो. दाराला भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने आणि झेंडू यांचे ‘नवे’, म्हणजे नव्या पिकाचे तोरण, बांधलेले असते. नव्या तांदळाचे पहिले जेवण घरातील देवाला दाखवल्याशिवाय पाहुण्यांना वाढले जात नाही, म्हणून त्या दिवशी जेवायला उशीर होतो.

शनिवार-रविवारी ओटीवर जुनी तांब्या-पितळेची भांडी विक्रीला असतात. ती या घरातील नाहीत, आसपासच्या गावांतून मोडीत निघालेली गोळा केलेली आहेत, आणि हे मालक स्वतःहून सांगतात, ही जमेची बाजू. किमती मात्र मोडीच्या दराच्या कित्येक पट आहेत. वजन करून घ्यावे, बुडाला डाग, म्हणजे धातूचा जोड, दिला आहे का ते उलटून पाहावे, आणि ठाण्यात जांभळी नाक्यावर नव्या भांड्याचा भाव काय आहे तो आधी विचारून जावे. एखादा हंडा ‘शंभर वर्षांचा’ म्हणून दाखवला जातो तेव्हा हसून सोडून द्यावे. ऐतिहासिक महत्त्वाच्या, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यापाराला 1972 च्या पुरावशेष कायद्याखाली परवाना लागतो. तेव्हा दावा खरा असेल तर विक्रीच अडचणीची, आणि खोटा असेल तर किंमत अवाजवी. मी एक अधोली घेतली, ती केवळ तिच्या पितळी पट्ट्यांची घडण आवडली म्हणून, आणि घासाघीस करूनच.

राहण्याच्या खोल्या साध्या आहेत. गाद्या पातळ आहेत, मच्छरदाणी मागून घ्यावी लागते, शौचालय स्वच्छ पण अंगणाच्या टोकाला आहे, त्यामुळे वृद्धांना रात्री त्रास होतो. शनिवारी रात्री शेजारच्या फार्महाऊसवरील ध्वनिवर्धक उशिरापर्यंत चालला. त्यात यजमानांचा दोष नाही, परंतु आरक्षण घेताना त्यांनी याची कल्पना द्यायला हवी होती. नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि मुक्काम मिळून माणशी 1,800 रुपये दर आहे, जो जेवणाकडे पाहता रास्त आणि खोल्यांकडे पाहता किंचित चढा वाटतो. राज्याच्या 2020 च्या कृषी पर्यटन धोरणानुसार केलेल्या नोंदणीचे प्रमाणपत्र ओटीवर लावलेले आहे.

शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावे. दसरा ते दिवाळी या काळातील शनिवार-रविवार लवकर भरतात, आणि झोडणी पाहायची असेल तर निघण्यापूर्वी दूरध्वनी करून कोणते शेत कापले आहे ते विचारून घ्यावे. पाऊस पडून गेला असल्यास खळे सुकेपर्यंत काम थांबते. माळशेजचे धबधबे हवे असणाऱ्यांनी येथे पैसे खर्च करू नयेत.