जुना टिपर घेतला, त्याला आठ महिने झाले

धोकादायक झाडं उतरवणं आणि फांद्यांची छाटणी, हे आमचं काम. माणसं तीन. इतके दिवस गाडी भाड्याने आणायचो. शेवटी चौदा वर्षं जुना छोटा डिझेल टिपर, म्हणजे मागचा हौदा उचलून माल ओतणारी गाडी, घेतला. मालासकट एकूण वजनाची मर्यादा ३५०० किलो. गाडी कामाची निघाली, पण घेताना मी भलतंच तपासत बसलो होतो, म्हणून हे लिहितोय.

बघितलं काय, तर किलोमीटर आणि इंजिनचा आवाज. चावी फिरवल्याबरोबर सुरू झालं आणि मी खूश. बॉनेटला हात लावायचं सुचलं नाही. लावला असता तर कळलं असतं की आम्ही यायच्या आधीच इंजिन गरम करून ठेवलंय. घरी आणल्यावर पहिल्या गार सकाळी निळा धूर दिसला. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण सैल केलं तर आतून धुराचे लोट. मिस्त्री म्हणाला, पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, पण ओढेल अजून. ओढतोय. ऑइल दर आठवड्याला बघतो, लागलं तर भरतो. जुन्या गाडीत एवढं चालायचंच. किलोमीटरच्या आकड्याला मात्र आता मी विचारत नाही. गाडी जागेवर उभी करून इंजिनवर दिवसभर दुसरं मशीन चालवलं असेल तर इंजिन झिजतं आणि मीटर आहे तिथेच राहतो.

खरा धडा वजनकाट्यावर मिळाला. कागदावर रिकाम्या गाडीचं वजन २१८० किलो, म्हणजे १३२० किलो माल नेता येईल असा माझा हिशोब. आम्ही तिघं, भरलेली टाकी, चेनसॉ, दोर, पेट्रोलचे कॅन आणि आधीच्या मालकाने वाढवलेले प्लायवूडचे उंच फाळके (हौद्याच्या बाजूच्या फळ्या), असं सगळं धरून काटा केला तर २७८०. उरले ७२०! चिपर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं मशीन, मागे जोडला की हुकवर त्याचा जो भार येतो तोही यातूनच वजा. आता ओल्या लाकडाचं बघा. ताज्या लाकडाचं वजन घनमीटरला बहुतेक वेळा ८०० ते १००० किलोच्या घरात असतं. दीड फूट जाडीचा, मीटरभर लांबीचा ओंडका दीडशे किलोच्या आसपास जातो. असे चार टाकले की हौदा जवळजवळ मोकळाच दिसतो, पण गाडीची वजनाची मर्यादा संपत आलेली. चिपरच्या ताज्या चुऱ्याचं वजन घनमीटरला साधारण ३०० ते ३५० किलो भरतं. आमच्या हौद्यात फाळक्यांसकट पाच घनमीटर मावतो. दोनच्या थोडं वर थांबायला हवं. पहिले दोन महिने आम्ही काठोकाठ भरत होतो, आणि मागचे पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उलटे वाकलेले बघून 'गाडी जुनी आहे' म्हणत होतो. पाट्याचं एक पान तुटलं तेव्हा डोळे उघडले.

गाडी घेताना हौदा उचलून दाखवा म्हटलं, विकणाऱ्याने दाखवला. रिकामा. दोन मिनिटांत खाली. भार टाकून, वर नेऊन पंधरा मिनिटं तसाच ठेवायला हवा होता. दुसऱ्याच महिन्यात ओंडके भरलेला हौदा अर्ध्यावर नेऊन थांबवला, तर तो हळूहळू आपोआप खाली यायला लागला. हौदा उचलणाऱ्या जॅकचं सील गेलं होतं. सील किरकोळ, पण कामाचा दिवस बुडाला. आणि तो खाली येताना पाहिल्यापासून लोखंडी टेकू लावल्याशिवाय उचललेल्या हौद्याखाली कुणी हात घालत नाही.

गंजाच्या बाबतीत नशीब बरं होतं. चेसिसला खालून ताजा काळा रंग दिसला तेव्हाच शंका आली होती, म्हणून छोट्या हातोडीने ठोकत गेलो. टणटण आवाज आला, फक्त मागच्या आडव्या पट्टीजवळ भद्द. तेवढ्यावर भाव पाडून घेतला आणि पट्टी वेल्डिंग करून घेतली. चेसिस आणि हौद्याच्या फ्रेममधल्या फटीत ओला चुरा अडकून राहतो आणि लोखंड खातो. संध्याकाळी हवेच्या पाइपने तो उडवायचा, हे काम आमच्यातला सगळ्यात धाकटा करतो, रोज कुरकुरत.

चढावर टेंपरेचरचा काटा वर जायला लागला तेव्हा मी पंपापासून थर्मोस्टॅटपर्यंत सगळ्यावर संशय घेतला. निघालं काय, तर रेडिएटरच्या जाळीत पानं आणि भुसा गच्च. एअर फिल्टरचंही तेच. आता दोन्ही दर शनिवारी साफ होतात.

टायरवरचा चार आकडी शिक्काही आधी वाचायला हवा होता. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली होती, पण बाजूचं रबर तडकलेलं. चारही बदलले.

प्लायवूडचे फाळके काढून ॲल्युमिनियमचे बसवायला टाकलेत. साठ-सत्तर किलो वाचतील असं फॅब्रिकेटर म्हणतोय. बसले की पुन्हा काटा करणार, त्याच्या शब्दावर नाही जाणार.