आदिकारण भक्कम की दुःखाचा प्रश्न?

ख्रिस्ती देव खरंच आहे का? तो आहे, या बाजूने मला सर्वांत भक्कम वाटतो तो तेराव्या शतकातल्या ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनसचा युक्तिवाद: कारणांची साखळी अनंत मागे जात नाही, म्हणून आदिकारण, म्हणजे सगळ्यांत पहिलं कारण हवं, आणि तेच देव. पण तेवढ्यावरून ते प्रेमळ ठरत नाही.

विरोधी बाजू आमच्या यवतमाळकडे जास्त बोचते. देव सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला, मग दुःख का? नास्तिक तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये ही विसंगती नेमकी मांडली. त्यावर ख्रिस्ती तत्त्वज्ञ अॅल्विन प्लँटिंगा म्हणतात, माणसाला खरं स्वातंत्र्य द्यायचं तर वाईटाची शक्यता राहणारच. सावकाराच्या जुलमाला हे लागू पडतं. फुलोऱ्यातल्या तुरीवर गारपीट होते, तिथे कोणाचं स्वातंत्र्य? इथे मला विरोधकांचंच पटतं. क्रूसावर देव स्वतः दुःख सोसतो, ही ख्रिस्ती श्रद्धा मनाला भिडते. गारपीट का झाली, ते मात्र तिच्यातूनही कळत नाही.