डॉक्युमेंटेशनपासून सुरुवात करायची तर: लिनक्स कर्नल की फ्रीबीएसडी?

कोडला हात लावण्याआधी डॉक्युमेंटेशनमधून कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामात शिरायचं ठरवलं असेल, तर लिनक्स कर्नल आणि फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली खुली ऑपरेटिंग सिस्टिम, हे दोन प्रकल्प शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे काम भरपूर आहे आणि दोन्हीकडे नवख्या माणसाचं लेखन घेतलं जातं. फरक आहे तो लिहिलेलं कुठे ठेवतात आणि लिहिणाऱ्याची नोंद कशी ठेवतात यात.

लिनक्सची 'डॉक्युमेंटेशन' डिरेक्टरी कर्नलच्या सोर्समध्येच आहे. २०१६ मध्ये, ४.८ आवृत्तीपासून, हा मजकूर डॉकबुक या जुन्या व्यवस्थेकडून स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन तयार करणाऱ्या साधनाकडे वळू लागला. कोडमधल्या फंक्शनच्या वर लिहिलेल्या कर्नल-डॉक टिप्पण्याही त्यातच ओढल्या जातात. सिस्टिम कॉलची (प्रोग्राम कर्नलकडे काम मागतो त्या कॉलची) मॅन पेजेस, म्हणजे टर्मिनलवर वाचायची संदर्भपानं, मात्र बाहेर, वेगळ्या प्रकल्पात असतात. फ्रीबीएसडीत नेमकं उलट आहे. मॅन पेजेस कोडसोबत नांदतात, आणि हँडबुक (वापरणाऱ्यासाठीचं मार्गदर्शक पुस्तक) व लेख वेगळ्या डॉक रेपॉझिटरीत, म्हणजे फाइलींच्या भांडारात, असतात. २०२१ पासून ते ह्यूगो आणि आस्कीडॉक्टर या साधनांवर चालतात. त्यामुळे फ्रीबीएसडीत ड्रायव्हर बदलणारा त्याच कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) त्याचं मॅन पेज सुधारू शकतो. वापरणाऱ्यासाठी लिहायची आवड असेल तर फ्रीबीएसडी सरस, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्नलच्या आतलं यंत्र समजून घ्यायचं असेल तर लिनक्स. एखाद्या उपप्रणालीच्या कर्नल-डॉक टिप्पण्या दुरुस्त करायच्या तर तिचा कोड ओळ न ओळ वाचावाच लागतो.

लिनक्समध्ये सुरुवात कुठून करायची हेही लिहून ठेवलेलं आहे. 'मेक एचटीएमएलडॉक्स' ही डॉक्युमेंटेशन बांधणारी आज्ञा चालवली की इशाऱ्यांची रांग लागते; त्यातला एक निवडायचा. हा विभाग जोनाथन कॉर्बेट दीर्घकाळ सांभाळत आले आहेत. तिथल्या मार्गदर्शिकेचं म्हणणं असं की टायपिंगच्या चुका जरूर दुरुस्त करा, पण काही झाल्या की पुढच्या कामाकडे वळा आणि पुढच्या नवशिक्यासाठी थोड्या शिल्लक ठेवा. मला हा सल्ला फार आवडतो.

आता नोंदींकडे येऊ, कारण निवड खरी इथेच ठरते.

लिनक्समध्ये माणसाची नोंद तीन ठिकाणी असते आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. 'मेंटेनर्स' फाइल सांगते की आज जबाबदारी कोणाची. 'गेट मेंटेनर' ही स्क्रिप्ट तीच वाचून तुमचा पॅच (पाठवलेला बदल) कोणाकडे जावा ते सांगते. 'क्रेडिट्स' ही जुन्या योगदानाची यादी. जबाबदारी सोडलेल्यांची नावं बऱ्याचदा तिकडे हलवतात. तिसरी जागा गिटचा, म्हणजे कोडमधले बदल नोंदवणाऱ्या साधनाचा, इतिहास. तिथे 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लिहिणाऱ्याची असतेच, शिवाय पॅच ज्यांच्या हातून पुढे जातो त्या प्रत्येकाची भर पडते. ही रीत २००४ मध्ये आली. लिनक्समध्ये आपला कोड घातला गेल्याचा दावा करणाऱ्या एससीओ कंपनीच्या खटल्यानंतर कोड कुठून आला हे दाखवता येणं गरजेचं झालं होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्बंधांच्या कारणाने काही रशियन मेंटेनरांची नावं 'मेंटेनर्स'मधून काढली गेली, तेव्हा या तीन जागांमधला फरक ठळक दिसला. पद गेलं, पण त्यांचे कमिट इतिहासात जिथल्या तिथे राहिले. ज्याला आपलं श्रेय टिकावं असं वाटतं त्याने भरवसा गिटच्या इतिहासावर ठेवावा.

फ्रीबीएसडीत नोंद दर्जाशी बांधलेली आहे. डॉक कमिटर, म्हणजे डॉक रेपॉझिटरीत थेट बदल नोंदवू शकणारा, हा सोर्स आणि पोर्ट्सच्या (बाहेरच्या सॉफ्टवेअरच्या संग्रहाच्या) कमिटरांच्या बरोबरीचा स्वतंत्र अधिकार आहे, आणि तो मिळताना सोबत मेंटर (मार्गदर्शक) असतो. कोणी कोणाला घडवलं याचा आलेखसुद्धा सोर्समध्ये फाइल म्हणून जपलेला आहे, डॉक कमिटरांचा वेगळा. इतक्या आत्मीयतेने ठेवलेली नोंद मी दुसऱ्या कर्नल प्रकल्पात पाहिलेली नाही. उणी बाजू जुन्या काळातली. डिसेंबर २०२० मध्ये डॉक रेपॉझिटरी गिटवर येण्याआधी कमिटवर नाव कमिटरचं असे, आणि मूळ लेखक 'सबमिटेड बाय' या ओळीत. आता लेखकाचं नाव त्याच्या जागी राहू शकतं.

भाषांतराचा विचार असेल तर लिनक्सच्या भाषांतरांत चिनी, जपानी, कोरियन, इटालियन आणि स्पॅनिश आहेत. मराठी नाही. भाषांतर मूळ मजकुराबरोबर अद्ययावत ठेवावं लागतं, म्हणून एकट्याने हे अंगावर घेऊ नये.

नोकरी सांभाळून, अधूनमधून काम करणाऱ्याला मी लिनक्स सुचवेन. तिथे एका पॅचचीही पूर्ण नोंद होते आणि त्यासाठी कोणतंही पद लागत नाही. वर्षानुवर्षं एकाच समूहात राहून लेखक म्हणूनच ओळख मिळवायची असेल, तर फ्रीबीएसडी.

पहिला पॅच पाठवण्याआधी गिटमध्ये नाव आणि ईमेल नीट ठरवून घ्या. कंपनीचा पत्ता दिलात तर नोकरी सुटल्यावर तो बंद होतो, आणि नोंदीतून तुमच्यापर्यंत कोणी पोहोचू शकत नाही. आपल्याकडे लग्नानंतर अनेकींचं आडनाव बदलतं, कधी मधलं नाव जोडलं जातं, कधी इंग्रजी स्पेलिंग बदलतं. अशा वेळी जुनं आणि नवं नाव जोडायला लिनक्सच्या सोर्समध्ये 'मेलमॅप' ही फाइल आहे. तिच्यात एक ओळ घालणारा पॅचही रीतसर स्वीकारला जातो.