जन्मजात उलटसुलट आतडी: सोनोग्राफी की सीटी?
खानापूर-निपाणीकडं पोट दुखलं की आधी सोनोग्राफीच होते की ओ, स्वस्त, रेडिएशन नाही, पित्ताचे खडे लगेच दिसतात. पण गर्भात आतडी 270 अंश फिरून जागेवर बसायची ती अर्धवटच फिरली, म्हणजे मालरोटेशन असलं, तर पोटातल्या गॅसमुळं ते सोनोग्राफीत बऱ्याचदा निसटतं आणि माणूस वर्षानुवर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतो, फार वाईट वाटतं बघा. बेळगावला कॉन्ट्रास्ट, म्हणजे आतले अवयव उठून दिसायचं औषध, देऊन सीटी स्कॅन केली तर लहान आतडं उजवीकडं, मोठं डावीकडं असं स्वच्छ दिसतं. खर्च जास्त, आधी किडनी ठीक हाय का ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं, तरी जेवल्यावर सारखी कळ अन् उलटी होत असेल तर माझं मत सीटीच. हिरवी उलटी झाली, पोट फुगलं तर मात्र पीळ पडून आतड्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, लगेच सर्जन असलेल्या हॉस्पिटलात जावा.